पात्याचा बाक

गोऱ्या लोकांच्या खेळाबद्दल माझं मत विचाराल तर ते काही फार चांगलं नाही. दिवसभर उन्हात उभं राहायचं, चामड्याचा एक गोळा इकडून तिकडे फेकायचा आणि कोणी त्याला लाकडाने हाणला की टाळ्या पिटायच्या, यात शहाण्या माणसाने वेळ का घालवावा हे मला अजून कळलेलं नाही. तरीही अमरावतीच्या भिक्षुकाच्या घरात जन्मलेला मी, मोरोपंत, एक हंगामभर हा खेळ खेळलो. पोटासाठी माणूस काय काय करतो. गारनर साहेबाला मराठी शिकवायची नोकरी मी धरली होती, आणि साहेबाच्या टोळीत गडी कमी पडला की शिकवणाऱ्यालाच मैदानात उभं करत.

चेंडू गाईच्या कातड्याचा, त्याला मी हात लावणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं होतं. साहेब हसला आणि म्हणाला, हात नका लावू, जोड्याने अडवा. बॅट मात्र लाकडाची. लाकडाला विटाळ नाही, म्हणून ती मला धरता येई. पुढे जे झालं त्यात मी सापडलो तो त्या एवढ्याशा सवलतीमुळे.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेतल्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाच्या रुईकडे डोळे लावून बसल्या होत्या. भातकुलीपासून चांदूर बाजारापर्यंत जिकडे पाहावं तिकडे कापसाची पऱ्हाटी. ज्याने जन्मात चांदी पाहिली नव्हती तो बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं बांधू लागला होता. अमरावतीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची अशी दाटी, की देवळात जायचं तर बैलांच्या पोटाखालून वाकून जावं लागे. गारनर साहेब एका विलायती पेढीचा माणूस, आणि रुई दाबून तिच्या गठाणी बांधायचा मोठा लाकडी पेच त्याच्या ताब्यात होता.

पौषात साहेबाची विलायतेची बॅट आमच्या कोरड्या हवेत उभी चिरली. माघात अकोल्याला सामना ठरलेला. तिथे आगगाडीचा रस्ता बांधणारे साहेब लोक राहत, त्यांच्याशी. मुंबईहून दुसरी बॅट यायला वेळ नव्हता. साहेबाने पुंजाराम सुताराला बोलावलं.

हा पुंजाराम म्हणजे एक नग होता. हातात कसब होतं, नाही म्हणत नाही. पेचाची सगळी चौकट तोच सांभाळायचा. पण जिभेला लगाम म्हणून नव्हता. तुटलेली बॅट त्याने उलटीसुलटी केली, वास घेतला, आणि मला म्हणाला, "साहेबाच्या देशात सुतार नसतीन काय, पंत? असतीन. पन पुंजाराम नसन." पेढी नदीच्या काठी वाळुंजाचं झाड होतं, वजनाला हलकं आणि चिवट. साहेबालाही त्याची पानं पाहून आपल्या देशातलं, बॅटी करतात ते झाड आठवलं. पुंजारामाने ते तोडलं आणि ओल्या लाकडातच पातं कोरायला घेतलं. लाकूड वाळू दे, पीळ पडेल, असं मी म्हणालो, तर त्याने मला पोरांना बाराखडी शिकवायला जायला सांगितलं.

संक्रांत झाल्यावर तो बॅट घेऊन आला, फडक्यात गुंडाळून.

साहेबाने फडकं सोडलं आणि त्याचा चेहरा उतरला. जुन्या बॅटचं पातं समोरून सपाट होतं. हे सपाट नव्हतं. बाजूने पाहिलं तर मुठीखालून पातं मागे झुकत गेलेलं आणि टोकाशी पुन्हा पुढे आलेलं, म्हणजे समोरची बाजू सुपाच्या पोटासारखी खोलगट. शिवाय मुठीपासून थोडं खाली, एका अंगाला, तळहात मावेल असा आणखी एक खळगा. साहेब म्हणाला, मी पाटी मागितली होती, याने विळा आणला.

पुंजाराम डगमगला नाही. "बाक म्या मुद्दाम देला जी," तो म्हणाला. "सरळ पातं हातात मढ्यावानी लटकते. बाक देला का थे सोता उठते." आणि तो खळगा? तो माझा खास, म्हणाला. दुसऱ्या कोणाला जमायचा नाही.

साहेबाने रागातच चार चेंडू टाकून घेतले. आणि मग तो राग विसरला.

बॅटमधलं मला काही कळत नव्हतं, पण साहेबाने त्या दिवसांत ते मला इतक्या वेळा समजावलं की आता झोपेतही सांगेन. सरळ पात्याचं वजन टोकाकडे ओढ घेतं आणि ते मनगटाला जाणवतं. पात्याला बाक असला, टोक पुढे आलं, की वजन मुठीच्या रेषेजवळ येऊन बसल्यासारखं होतं, म्हणून तेवढ्याच वजनाची बॅट उचलायला हलकी लागते. चेंडू पोटात बसला की पुढे आलेला भाग त्याला खालून उचलून देतो आणि तो लांब जातो. पण त्याची किंमतही असते. जमिनीलगत सरळ मारायचा फटका अशा बॅटने वर उडतो. घाई केली की झेल गेलाच. चेंडू अंगाजवळ येईपर्यंत थांबावं लागतं, आणि मगच पातं सोडावं लागतं. साहेब थांबायला शिकला. त्या खळग्यात चेंडू बसला तर तो दिसेनासा होई, इतका लांब.

पण मला दुसरंच काही दिसत होतं. बॅट घेऊन उभा राहिला की साहेबाचे पाय हलू लागत. आधी डावा, मग उजवा, पुन्हा डावा. चेंडू यायची वाट पाहताना खेळणारे चुळबुळ करतात तसं ते नव्हतं. हा टाच दाबून, जागच्या जागी गोल फिरत, काहीतरी तुडवत होता. आणि ओठ मिटून गुणगुणत होता. हूं, हूं, हूं जी. साहेबाच्या तोंडी "जी" कुठून आला, मला कळेना. ते तर मी त्याला शिकवलं नव्हतं.

एकदा साहेबाने बॅट माझ्या हातात दिली. खरोखरच हलकी होती. उचलली की खांद्यापर्यंत आपोआप येत होती, कोणीतरी खालून हात दिल्यासारखी. मी उभा राहिलो. अमरावतीच्या छावणीचं ते मैदान म्हणजे कडक मुरूम, पण माझ्या पायाखाली काहीतरी मऊ होतं. टाच दाबली की आत जात होती. दुसरी दाबली की तीही जात होती. थांबावं असं वाटत नव्हतं. थांबलं तर वाईट होईल असं वाटत होतं, का ते ठाऊक नाही. साहेबाने बॅट काढून घेतली तेव्हा मी घामाने भिजलो होतो. त्याने मला विचारलं, पंत, तुम्ही आता कोणतं गाणं म्हणत होता? मी म्हणालो, मी गाणी म्हणत नाही. मला भीती वाटली होती, आणि ती लपवायला मी जरा जास्तच जोरात बोललो.

त्याच सुमारास वच्छला आमच्याकडे आली.

साहेबाच्या ओट्यावर ती सकाळपासून बसून होती. भातकुलीकडची, कुणब्याची सून. कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या आणि मांडीवर घडी घातलेली घोंगडी. साहेबाशी बोलायचं होतं, म्हणजे अर्थात माझ्याशी. तिचा नवरा जानराव हंगामात पेचावर कामाला होता, रुई तुडवायला. संक्रांतीच्या आदल्या दिवसापासून तो घरी आला नव्हता.

पेचावरचं काम कसं चालतं ते मला मुकादम सूर्यभानाने सांगितलं, कारण त्याला बोलावून मीच विचारलं. माणसाहून उंच असा लाकडी पेटारा. त्यात वरून रुई ओतायची आणि आत उभ्या असलेल्या गड्याने ती पायाने तुडवून बसवायची. पेटारा भरत आला की गडी वर चढून येतो, वर जाड फळी बसवतात, आणि चारही बाजूंनी गडी लागून मळसूत्र फिरवतात. आतल्या गड्याने तुडवताना सतत गाणं म्हणायचं, असा तिथला रिवाज. रुईच्या धुराळ्यात काही दिसत नाही, म्हणून कानावर काम चालतं. गाणं चालू आहे तोवर गडी आत. गाणं थांबलं म्हणजे गडी वर आला. मग फळी, मग मळसूत्र.

जानराव त्या संध्याकाळी शेवटच्या गठाणीला आत होता, गाणं म्हणत होता, आणि मग गेला, असं सूर्यभान म्हणाला. सगळ्यांना घरी जायची घाई होती. मळसूत्र तसंच आवळून ठेवून सगळे सणाला गेले. जानराव अकोल्याला पळाला असणार. आगगाडीच्या रस्त्यावर माती टाकणाऱ्याला मजुरी चांगली मिळते, पुष्कळ गडी असेच गेले. जानरावाचा भाऊ नत्थुजीही तेच म्हणत होता. नांदगाव खंडेश्वरला वच्छलाचे आईबाप तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायच्या गोष्टी बोलू लागले होते.

वच्छलाने घोंगडी माझ्यापुढे धरली. ती पेचाच्या खुंटीवर तिला मिळाली होती. "पौषाच्या थंडीत मानूस घोंगडी सोडून अकोल्याले जाईन काय, पंत?" तिने विचारलं. ती म्हणाली, "मले टाकून गेला का मेला, येवढंच मले पायजे. टाकून गेला असन तं तोंडावर सांगू दे. मेला असन तं मले रडू द्या."

मला तिची दया आली. मी कठोर माणूस आहे असं लोक म्हणतात, पण हे सरळ बोलणं माझ्या काळजाला लागलं. आम्ही सामन्यासाठी अकोल्याला जाणारच होतो. साहेबाला सांगून मी तिला गाडीत जागा मिळवून दिली. तिथल्या मजुरांच्या मुकादमांना विचारू, असं तिला म्हणालो.

आमच्या गाड्या निघाल्या. साहेब घोड्यावर, मी पहिल्या गाडीत सामानाबरोबर. मागच्या गाडीत पुंजाराम आणि वच्छला. पुंजाराम स्वतःहून आला होता. अकोल्याचे साहेब त्याची बॅट पाहतील आणि त्यालाच सगळ्यांच्या बॅटी करायला सांगतील, अशी त्याला खात्री होती. वाटभर तो गाडीवानाला पात्याच्या बाकाबद्दल ऐकवत होता. बाक कसा मोजला, कसा कोरला, रंधा कुठून कुठे चालवला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे दुपारी बैल सोडले. बॅटला तेल द्यायची वेळ झाली होती. नवं लाकूड, तेल पाजलं नाही तर चिरतं. पुंजारामाने जवसाच्या तेलाची वाटी आणि एक चिंधी वच्छलाला दिली. रिकामी बसलीस तर चोळ, म्हणाला, आणि बाभळीखाली आडवा झाला.

तिने चिंधी बाजूला ठेवली. तळहातावर तेल घेतलं आणि बॅट मांडीवर पालथी नव्हे, उताणी घेतली, खोलगट बाजू वर. सवयीच्या हाताने ती चोळू लागली, अंगठा मधल्या रेषेवरून खाली दाबत, पुन्हा वर. मी बाजूच्या गाडीतून पाहत होतो. नवऱ्याच्या पाठीला ती रोज जवसाचं तेल लावायची, हे तिने मला अमरावतीतच सांगितलं होतं. दिवसभर तुडवून त्याची पाठ भरून यायची. लहानपणी बैलगाडीवरून पडून त्याच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि ते उंचवट्यासारखं वर राहिलं होतं. तिथे तेल जास्त लागायचं, कारण तिथेच दुखायचं.

तिचा हात त्या खळग्यावर आला आणि थांबला.

मग तो पुन्हा मुठीपाशी गेला आणि सावकाश खाली आला. पुन्हा तिथेच थांबला. तळहात खळग्यात बसला होता, अगदी भरून. तिने डोळे मिटले आणि दुसरा हात पात्याच्या बाकावरून टोकापर्यंत फिरवला. नंतर तिने घोंगडी उलगडली आणि बॅटवर पांघरली.

पुंजाराम जागा झाल्यावर हसला. लाकडाला कसली थंडी, म्हणाला. तिथून अकोल्यापर्यंत वच्छलाने बॅट मांडीवरून खाली ठेवली नाही.

अकोल्याला मोर्णा नदीच्या पलीकडे आगगाडीच्या रस्त्याचा मातीचा बांध दूरवर गेलेला होता आणि त्यावर मुंग्यांसारखी माणसं लागलेली होती. चल, मुकादमाकडे जाऊ, मी वच्छलाला म्हणालो. ती म्हणाली, "आता नाही लागत, पंत." तिला ताप आहे की काय असं मला वाटलं. काय झालं म्हणून मी विचारलं, तर तिने मलाच विचारलं की साहेब खेळताना कसा उभा राहतो. मी सांगितलं, तू उद्या पाहशीलच.

सामना सकाळी सुरू झाला. अकोल्याच्या साहेबांनी आधी खेळून बऱ्यापैकी धावा केल्या. मग गारनर साहेब ती बॅट घेऊन उतरला. मी मैदानाच्या कडेला होतो, माझ्यामागे वच्छला आणि पुंजाराम.

तो उभा राहिला आणि पाय सुरू झाले. डावा, उजवा, डावा. पहिल्यांदा अकोल्याची मंडळी हसली. चेंडू आला, साहेब थांबला, अगदी अखेरपर्यंत थांबला, आणि पातं वर आलं. चेंडू बांधाच्या दिशेने उडून गेला. पुन्हा पाय. पुन्हा चेंडू गेला. हळूहळू हसणं बंद पडलं. तो आता मोठ्याने गुणगुणत होता, मैदानाच्या कडेपर्यंत ऐकू येत होतं. हूं, हूं, हूं जी. जागच्या जागी गोल फिरत होता आणि प्रत्येक टाचेबरोबर गुडघे जास्त वर उचलत होता, पायाखाली काहीतरी वर चढत चालल्यासारखा. माझ्यामागे वच्छला हळूच म्हणाली, "हे गाणं त्याचं हाय."

आणि गुणगुणणं थांबलं. ओसरलं नाही, मध्येच तुटलं. साहेब उभ्याचा उभा राहिला. तोंड उघडं, डोळे ताठ, एक हात गळ्यावर. चेंडू आला आणि मागच्या काठ्या उडाल्या, तरी त्याला पत्ता नव्हता. मग तो गुडघ्यावर बसला आणि थुंकू लागला, तोंडात रुई गेली की पेचावरचे गडी थुंकतात तसा. मी धावत गेलो. त्याच्या तोंडात काही नव्हतं.

सगळे साहेबाभोवती जमले. वच्छला मात्र सरळ चालत आली, पडलेली बॅट उचलली आणि पुंजारामासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, हे लाकूड कुठं दाबलं?"

पुंजारामाने आधी नेहमीचं सुरू केलं, बाक म्या सोता, रंध्यानं. तिने बॅट त्याच्यापुढे धरली. नुसती धरून राहिली.

"पेचात," तो अखेर म्हणाला. "ओलं व्हतं, पीळ घेऊन राहिलं व्हतं. म्हनलं गठाणीवर ठेवू, सरळ होईन. सन झाल्यावर काढलं तं असं वाकलेलं. साहेब फेकून देईन म्हून म्या म्हनलं का म्याच वाकवलं."

"कोन्त्या सनाले?"

"संक्रांतीले."

"वर कोनी ठेवलं? तुमीच?"

"मीच. रुईवर पालथं ठेवलं. हातानं थापटलं."

"तवा गाणं थांबलं व्हतं?"

"थांबलं व्हतं. त्याच्या आंधी वरून रुईचा मोठा ढीग पडला, आन गाणं थांबलं. म्हून तं म्या वरडलो, फिरवा म्हून."

"वाकून पाह्यलं व्हतं काय?"

पुंजाराम खाली बसला. त्याने दोन्ही तळहात समोर धरले, ज्या हातांनी थापटलं होतं ते, आणि त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याच्या लाकडाखाली वीतभर रुई होती आणि रुईखाली जानरावाची पाठ. मी तोंड फिरवलं. माझ्या मनात आलं की ती गठाण सणानंतर फडकं शिवून, दोऱ्या आवळून पश्चिमेला गेली होती. जड भरली म्हणून कोणी चौकशी केली नाही, कारण त्या दिवसांत लोक रुईत सरकी घालत, दगड घालत, पाणी मारत. आता ती समुद्रावर असेल. विलायतेत कुठल्यातरी गिरणीत ती कोणी फोडेल, आणि त्या माणसाला जानरावाचं नावसुद्धा ठाऊक नसेल. मला तिथे उभं राहवेना.

गारनर साहेबाला मी सगळं सांगितलं. त्याने विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून तो ऐकत होता, आणि बॅट परत हवी का असं विचारल्यावर त्याने मान हलवली. ती बाईची आहे, म्हणाला. पुढे त्या हंगामात तो खेळला नाही.

परदेशी गेलेल्याची वार्ता लागली नाही तर बारा वर्षं वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावं, असं आमच्यात मानतात. भातकुलीला काही शहाण्यांनी मला ते ऐकवलंही. वार्ता लागली नाही कुठे, मी त्यांना म्हणालो. वार्ता या बाईच्या मांडीवर आहे. मी चिडलो होतो, आणि मी चिडलो की लोक फारसा वाद घालत नाहीत.

पेढी नदीच्या काठी, वाळुंज तोडलं होतं त्याच्या बुंध्याजवळ, आम्ही पळसाची पानं रचली. डोकं, हात, पाय. पाठीच्या जागी वच्छलाने स्वतः बॅट ठेवली, आणि वरून जानरावाची घोंगडी घातली. बायकांनी तिथे यायची रीत नाही, पण तिला जा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. पेचावरचे सगळे गडी आले होते. सूर्यभान मुकादम आला होता. पुंजाराम सगळ्यांच्या मागे उभा होता. नत्थुजीने अग्नी दिला. दुपार कलली होती आणि वारा अजिबात नव्हता.

पानं लगेच गेली. लाकूड तेल प्यालेलं होतं, त्यानेही पेट घेतला. पण आतून ते अजून ओलं असावं, कारण थोड्या वेळाने त्यातून आवाज येऊ लागला. ओल्या लाकडातून वाफ निघते तेव्हा येतो तसा. मी स्वतःला हेच सांगत होतो. हूं, हूं. थांबून पुन्हा, हूं. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने कान झाकले. वच्छला मात्र पुढे सरकली आणि मान तिरकी करून ऐकत राहिली, त्याला तुडवताना तिने कधी ऐकलं नसेल म्हणून कदाचित. ती रडत होती आणि पुसत नव्हती.

मग आवाज थांबला.

आणि काय सांगू, गाणं थांबताच ते सगळे गडी नकळत एक पाऊल पुढे सरकले. हातसुद्धा उचलले होते, मळसूत्राचे दांडे धरायला उचलतात तसे. सवयच ती. वच्छलाने ते पाहिलं.

"थांबा," ती म्हणाली. "गाणं थांबलं म्हून कोनी हात लावू नका. काका, तुमी या हिकडं. वाकून पाहा, आत कोन हाय."

पुंजाराम पुढे आला. विस्तवाची धग चांगलीच होती, पण तो गुडघ्यावर बसला आणि वाकला, चेहरा अगदी जवळ नेऊन. भुवया करपल्याचा वास आला तरी तो मागे सरला नाही. निखाऱ्यांत आधी एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने, काही राहू नये अशा काळजीने.

"कोनी नाही, पोरी," तो म्हणाला. "आता आत कोनी नाही."

वच्छलाने मान डोलावली. वाळुंजाच्या बुंध्याशी जाऊन तिने त्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या, आणि आम्ही सगळे नदीत अंघोळीला उतरलो.